पोरीला शिंगं फुटली!



आपल्या लेकरांच्या इंग्रजीच्या पुस्तकात ‘हॉर्न’ हा शब्द येतो. शब्दकोशात त्याचा अर्थ पाहिला, तर एकापुढे एक चार-पाच अर्थ मांडलेले दिसतात. शिंग, तुतारी, कर्णा, भोंगा आणि गाडीचा हॉर्न तर हॉर्नच. लेकरू विचारतं, ‘आई, बैलाच्या डोक्यावरचं शिंग आणि एसटीचा हॉर्न एकच कसा?’ प्रश्न रास्त आहे. आजच्या भाषणात आम्ही याच शब्दाची गोष्ट सांगणार आहोत. ही गोष्ट गोठ्यात सुरू होते, देवळापुढून आणि सोलापूरच्या गिरणीवरून जाते आणि आपल्याच घरात येऊन थांबते. कारण शिंग हा शब्द जनावरापुरता राहिलेला नाही, तो बायांच्या माथीही मारला गेला आहे.

आधी गोठ्यात जाऊ. शिंगांच्या बाबतीत आपला जिल्हा श्रीमंत आहे. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या भागातलं खिल्लार जनावर त्याच्या लांब, मागं जाऊन वर वळलेल्या टोकदार शिंगांवरून लांबूनही ओळखू येतं. पंढरपुरी म्हैस तर शिंगांसाठीच नावाजलेली. तलवारीसारखी लांब शिंगं पार खांद्याच्या मागंपर्यंत जातात. म्हशीला तिची शिंगं जड होत नाहीत, असं आपण म्हणतो, ते पंढरपुरी म्हशीकडं बघून जास्तच पटतं. आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर काळवीट दिसतात, त्यांची शिंगं पिळदार मळसूत्रासारखी असतात.

शिंग असतं कशाचं? गाय-म्हशीच्या शिंगाच्या आत जिवंत हाड असतं, त्यात रक्त खेळतं. वरचं कठीण टरफल मात्र आपल्या नखांचं आणि केसांचं जे द्रव्य, त्याचंच असतं. त्या द्रव्याला केराटीन म्हणतात. शहरातल्या पार्लरमध्ये केसांना ‘केराटीन’ करतात, ते नाव तुम्ही ऐकलं असेल. ‘केरास’ या ग्रीक शब्दापासून ते आलं आणि केरास म्हणजे शिंग. सांबराचं किंवा चितळाचं शिंग याहून वेगळं. ते निव्वळ हाडाचं असतं आणि ठरावीक काळानं गळून नवं येतं. मराठीत आपण दोन्हींना शिंगच म्हणतो, इंग्रजीत मात्र सांबराच्या शिंगाला वेगळा शब्द आहे. म्हणजे कुठं त्यांचा एक शब्द आणि आपले चार, तर कुठं आपला एक आणि त्यांचे दोन.

आता जरा शब्दांचं गोत पाहू. आपलं ‘शिंग’ आलं संस्कृतातल्या ‘शृंग’ शब्दावरून. युरोपातल्या जुन्या लॅटिन भाषेत शिंगाला ‘कॉर्नू’ म्हणत. शृंग, कॉर्नू आणि इंग्रजीतलं हॉर्न ही तिन्ही एकाच फार जुन्या मुळाची लेकरं आहेत, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. हजारो वर्षांपूर्वी जनावरं राखणाऱ्या माणसांच्या बोलीतून ती निघाली आणि पूर्वेला व पश्चिमेला पांगली. लॅटिन ‘कॉर्नू’वरून पुढं ‘कॉर्नर’ हा शब्द झाला, कारण कोपरा शिंगासारखा पुढं आलेला असतो. आपण रोज म्हणतो, ‘कॉर्नरच्या दुकानातून साखर आण,’ तेव्हा नकळत शिंगाचंच नाव घेत असतो.

स्वयंपाकघरातही शिंग आहे. उपासाला आपण ज्याच्या पिठाची भाकरी करतो, त्या शिंगाड्याला ते नाव पडलं, कारण त्याच्या फळाला दोन्ही बाजूंना शिंगासारखी टोकं असतात. आल्याचं एक जुनं संस्कृत नाव ‘शृंगवेर’. आल्याचा गड्डा डोळ्यांपुढं आणा, त्याला फुटलेले कोंब शिंगांसारखेच दिसतात. आलं आणि सुंठ व्यापाऱ्यांबरोबर समुद्रापार गेली, तसं नावही गेलं. बोलता बोलता ते ग्रीक झालं, लॅटिन झालं आणि शेवटी इंग्रजीत ‘जिंजर’ म्हणून बसलं.

आपल्या सोलापुरात तर एकाच गल्लीत शिंगाला चार नावं मिळतील. मराठी घरात शिंग, कानडी घरात कोंबु, तेलुगू घरात कोम्मु आणि हिंदी-उर्दू बोलणाऱ्या घरात सींग. गंमत अशी की, कानडीतल्या ‘कोंबु’चे अर्थही दोन. जनावराचं शिंग आणि फुंकून वाजवायचं शिंग. मराठीतही तसंच. म्हणजे इंग्रजांचा ‘हॉर्न’ एकटाच चमत्कारिक नाही. आधी जनावराचं शिंग होतं, ते पोकळ होतं, कुणीतरी त्याचं टोक कापून फुंकलं आणि आवाज लांबवर गेला. पुढं तसाच आकार पितळेचा झाला, पत्र्याचा झाला, तरी नाव शिंगाचंच राहिलं.

इथून शिंगाची दुसरी गोष्ट सुरू होते. ती आवाजाची आहे.

शिंग, तुतारी आणि कर्णा ही आपली जुनी फुंकवाद्यं. शिंग वळणदार, कर्णा लांबलचक. राजाची स्वारी निघाली की ती वाजत, लढाईला फौज निघाली की वाजत. त्यावरूनच ‘रणशिंग फुंकलं’ असं आपण आजही म्हणतो, भले लढाई पाण्याच्या टँकरची असो. लग्नाच्या वरातीत, जत्रेत, पालखीपुढं त्यांचा मान असे. पण फुंकणारा कोण होता, हेही पाहिलं पाहिजे. गावगाड्यात शिंग, सनई, हलगी वाजवणारे बहुतेक दलित आणि बलुतेदार समाजांतले. त्यांच्या वाद्यावाचून कुणाचं मंगलकार्य होत नसे, पण त्याच मांडवात त्यांचं पान मात्र वेगळं आणि लांब मांडलं जाई. आवाज हवा, पण माणूस नको, अशी ती रीत. आणि बाईनं शिंग तोंडाला लावणं तर कुणाच्या डोक्यातही येत नसे. तिनं ओवाळायचं, वाजवायचं नाही.

पुढं या वाद्याला कवींनी वेगळा अर्थ दिला. केशवसुतांनी 1893 साली ‘तुतारी’ नावाची कविता लिहिली. जुन्या, सडलेल्या रूढींविरुद्ध लोकांना जागं करणारी ती कविता मराठीत फार गाजली. दादरहून सावंतवाडीला जाणाऱ्या रेल्वेगाडीला 2017 साली ‘तुतारी एक्स्प्रेस’ हे नाव मिळालं, ते याच कवितेमुळं.

शब्दाचा अर्थ नेमका असणं किती महत्त्वाचं असतं, हे 2024 च्या लोकसभा निवडणुकीत दिसलं. आपल्या केंद्रावरून राजकारण बोलायचं नसतं, म्हणून पक्षाचं नाव घेत नाही, फक्त शब्दाचं सांगतो. एका पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. आणि काही अपक्ष उमेदवारांना मिळालेलं चिन्ह होतं एक इंग्रजी पद्धतीचा बाजा. इंग्रजीत त्याचं नाव ट्रम्पेट, पण मराठी यादीत त्यापुढंही ‘तुतारी’ असंच लिहिलं गेलं. मतदारांचा गोंधळ झाल्याची तक्रार आली. त्याच वर्षीच्या विधानसभेला मग त्या चिन्हाचं नाव मराठीतही ‘ट्रम्पेट’ असंच ठेवण्यात आलं. म्हणून सांगतो मैत्रिणींनो, शब्द जवळचा वाटला म्हणून तो बरोबरच असेल असं नाही. कागदावर सही करताना, मत देताना, बँकेचा फॉर्म भरताना शब्दाचा अर्थ विचारून घ्यायला लाजायचं नाही.

आता भोंग्याकडं येऊ. सोलापुरात भोंगा म्हटलं की जुन्या माणसांना एकच आवाज आठवतो, गिरणीचा. 1877 च्या सुमारास सोलापूरची पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढं लोक तिला जुनी मिल म्हणू लागले. नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. दुष्काळानं गांजलेली खेड्यांतली माणसं आणि तेलुगू मुलखातले विणकर इथं पोटासाठी आले. खेड्यात दिवस सूर्यावर चालायचा, शहरात तो भोंग्यावर चालू लागला. पहिला भोंगा उठायचा, दुसरा निघायचा आणि तिसऱ्या भोंग्याला फाटकाच्या आत असायचं. ज्यांच्या घरी घड्याळ नव्हतं, त्यांचं घड्याळ तोच.

पण भोंग्याच्याही आधी कोण उठत होतं? घरातली बाई. पुरुषाची पाळी सकाळची असली की तिची चूल पहाटेच पेटायची, भाकरी बांधून द्यायची, पाणी भरायचं. आणि पुष्कळ बाया स्वतःही गिरणीत जात. सूत गुंडाळायचं काम, रीळ खात्यातलं काम बायांकडं असे. म्हणजे तिच्यासाठी भोंगा दोनदा वाजायचा, एकदा घरातल्या कामाचा आणि एकदा गिरणीतल्या कामाचा. 1891 च्या कारखाना कायद्यानं बाईच्या कामाला दिवसाला 11 तासांची हद्द घातली. 11 तास ही सवलत होती, यावरून आधीची स्थिती ओळखा. 1929 साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या मदतीचा कायदा झाला, देशातला असा पहिला. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कायद्यानं कामाची हद्द दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांवर आणली. घरातल्या कामाच्या तासांना मात्र कुठल्याच कायद्यानं हात लावला नाही.

भोंगा वाजला आणि माणसं गेलीच नाहीत, असंही या शहरानं पाहिलं आहे. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि सोलापूरचे गिरणी कामगार संपावर गेले. शहर इतकं पेटलं, की इंग्रजांनी इथं लष्करी कायदा लावला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. आजही त्यांच्या नावानं आपण चार हुतात्मे म्हणतो.

आता त्या गिरण्या उरल्या नाहीत, भोंगाही थांबला. सोलापुरात हजारो बाया विड्या वळतात. विडीला भोंगा नाही. वरवर वाटतं बरं झालं, पण भोंगा नसला की काम सुटण्याची वेळही नसते. हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत सूप मांडीवर आणि दिवा चालू. गिरणीचा भोंगा कडक होता, पण तो संध्याकाळी ‘जा घरी’ असंही सांगायचा.

भोंग्याच्याच काळात दुसरा एक हॉर्न घराघरांत आला, तो ग्रामोफोनचा. फुलासारखा उघडलेला त्याचा कर्णा जुन्या चित्रांत तुम्ही पाहिला असेल. सुरुवातीच्या काळात मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याला कर्ण्याच्या तोंडात तोंड घालून मोठ्यानं गावं लागे, तो आवाज आत जाऊन तबकडीवर कोरला जाई. 1902 साली कलकत्त्यात भारतातलं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा गाणाऱ्यांत गौहर जान ही बाई होती. गाणं संपलं की ती कर्ण्यात इंग्रजीतून स्वतःचं नाव सांगायची. तबकड्या परदेशात तयार होत, तिथल्या कारागिरांना नाव कळावं म्हणून. कारण काहीही असो, ज्या काळात चांगल्या घरच्या बाईनं नाव उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही अशी रीत होती, त्या काळात एका बाईनं स्वतःचं नाव कर्ण्यात सांगितलं आणि ते देशभर वाजलं. शिंगाच्या इतिहासात आम्हाला ही गोष्ट फार मोठी वाटते.

नंतर लाउडस्पीकर आले, सभेच्या मांडवावर आणि देवळा-मशिदीवर कर्णे चढले. मोटारी आल्या, तेव्हा ड्रायव्हरच्या हाताशी रबरी फुग्याचा भोंगा असे, फुगा दाबला की पों-पों. मग विजेवरचा हॉर्न आला आणि इंग्रजी शब्द मराठीत कायमचा बसला. ट्रकच्या मागं ‘हॉर्न ओके प्लीज’ आपण सगळ्यांनी वाचलं आहे. 2015 साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं ते लिहायला बंदी घातली, कारण ते वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात.

शिंगाचा आवाज लांब जाणं ही जशी ताकद, तसा तो त्रासही होऊ शकतो. घरात बाळंतीण असते, म्हातारं माणूस असतं, पोरीची परीक्षा असते. म्हणून कायदा लक्षात ठेवा. 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर लावायला मनाई आहे, सवलत मिळते ती काही ठरावीक दिवसांपुरती. दवाखाना, शाळा आणि कोर्ट यांच्या भोवती 100 मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. गाड्यांना कर्कश, अनेक सुरांचे हॉर्न बसवायलाही मनाई आहे. त्रास झाला, तर 112 वर फोन करता येतो. एकटीनं करायला भीती वाटली, तर गटानं मिळून करा.

आणि आता घरात येऊ. मुलगी बोलायला लागली, हिशोब विचारायला लागली, ‘मला पुढं शिकायचंय’ म्हणाली, की घरातून एक वाक्य हमखास येतं, ‘पोरीला शिंगं फुटली!’ बचत गटाच्या मीटिंगला जाणाऱ्या सुनेलाही हेच ऐकावं लागतं. मुलालाही कधीतरी म्हणतात, पण मुलाच्या बाबतीत त्यात थोडं कौतुक असतं. मुलीच्या बाबतीत तक्रारच असते.

शिंग नसलेल्या जनावरासाठी मराठीत वेगळा शब्द आहे. तो म्हणजे भुंडा. भुंडी गाय, भुंडी म्हैस. हाच शब्द कुणाला लावला गेला, आठवा. नवरा गेलेल्या बाईच्या हाताला ‘भुंडे हात’ म्हणतात, तिच्या कपाळाला ‘भुंडं कपाळ’. म्हणजे बघा, बाईनं तोंड उघडलं तर तिला शिंगं फुटली आणि नवरा मेला तर ती भुंडी झाली. शिंग असलं तरी दोष, नसलं तरी दोष. शब्द जनावराचा, पण भोगायचा बाईनं.

यातल्या एका शब्दाला लोकांनी ठरवून थांबवलं, ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. या विचारासाठी धडपडणारं महात्मा फुले समाजसेवा मंडळ आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याचं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आपल्या गावात असा ठराव झाला आहे का, हे ग्रामसभेत विचारता येतं. झाला नसेल, तर मांडता येतो. आणि झाला असेल, तर पुढच्या हळदीकुंकवाला कुणाला बोलावतो, यावरून तो कागदावर आहे की गावात, ते कळेल.

राहिला प्रश्न ‘शिंगं फुटली’चा. नान्नजच्या माळावर पाहिलं, तर काळविटाच्या नराला शिंगं असतात, मादीला सहसा नसतात. पण आपल्या दारातली खिल्लार गाय बघा, पंढरपुरी म्हैस बघा. दोघींनाही शिंगं आहेत आणि त्या शिंगांना आपण हळदीकुंकू लावतो. बेंदराला, पोळ्याला बैलांची शिंगं हिंगुळानं रंगवतो, त्यांना गोंडे बांधतो. वासराचं शिंग सुरुवातीला नुसत्या कातडीत असतं, थोडे महिने गेले की ते कवटीच्या हाडाशी जोडलं जातं. वय झालं की शिंग येतंच, कुणाला विचारून येत नाही. मग पोरीला समज आली, तर त्यात दचकण्यासारखं काय आहे?

जाता जाता गोठ्यातली एक कामाची गोष्ट. देखणी दिसावीत म्हणून काही जण बैलाची शिंगं साळतात. पशुवैद्यक याला नको म्हणतात, कारण आतलं हाड जिवंत असतं आणि बैलांना शिंगाचा कर्करोगही होतो. बैल सारखं डोकं हलवत असेल, एका बाजूला मान टाकत असेल, शिंग घासत असेल किंवा नाकातून रक्त येत असेल, तर घरी लेप लावत बसू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. वेळेत नेलं तर शस्त्रक्रियेनं जनावर वाचू शकतं.

पुढच्या मीटिंगला एक काम करा. आपल्या गावात शिंगावरून जेवढे शब्द, म्हणी, जनावरांची नावं आहेत, ती म्हाताऱ्या बायांना विचारून वहीत लिहून आणा. मराठी, कानडी, तेलुगू, लमाणी, ज्या बोलीतली असतील तशी आणा. आणि घरी कुणी ‘पोरीला शिंगं फुटली’ म्हणालं, तर भांडू नका. शांतपणे विचारा, ‘मग हळदीकुंकू कधी लावायचं?’